चाऱ्याने उघडलेली वाट

पवनी तालुक्यातल्या आमच्या गावी, विहिरीलगतच्या अर्ध्या एकरात मी लसूणघास लावतो. धानाच्या पट्ट्यात हा चारा लावणारे थोडेच, कारण बहुतेकांच्या गोठ्यात वर्षभर तणसच असते. दिवाळीनंतर पेरणी केली की दोन महिन्यांनी पहिली कापणी येते आणि पुढे दर तीन-चार आठवड्यांनी तोच वाफा पुन्हा हाताशी येतो. यंदा माघात आठवडाभर तापाने पडून राहिलो, कापणी लांबली आणि सगळा वाफा जांभळ्या फुलांनी भरून गेला. शेजारचे दूधवाले काका धुऱ्यावरून म्हणाले, "फुलावर आला ना भाऊ, आता काडी जाड होईल. दोन दिवसांत उतरवून घ्या, आणि नुसता हिरवाच नका घालू, म्हशी फुगतील. तणसात मिसळून द्या."

इतिहास विषय घेऊन मी एम.ए. केले, पुढे घरची शेती सांभाळली, आणि वाचनाची सवय मात्र सुटली नाही. प्राचीन चीनचा पश्चिमेकडे झालेला विस्तार हा गेली काही वर्षे माझ्या वाचनाचा विषय आहे, आणि ज्या दिवशी त्या वाचनात हाच लसूणघास मला भेटला, त्या दिवसापासून या विषयाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. दोन हजार वर्षांपूर्वी चीनवर राज्य करणाऱ्या हान घराण्याच्या काळातला थोर इतिहासकार सिमा चिएन याने लिहून ठेवले आहे की, पश्चिमेकडे गेलेल्या चिनी दूतांनी परत येताना द्राक्षाचे आणि या घासाचे बी आणले, सम्राटाने ते सुपीक जमिनीत लावून घेतले, आणि पुढे पश्चिमेचे घोडे व परदेशी पाहुणे वाढले तेव्हा राजधानीबाहेरच्या राजवाड्यांभोवती नजर पोहोचेल तिथपर्यंत द्राक्ष आणि लसूणघासच दिसू लागला. रेशमाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाटेने चीनला जे मिळाले, त्यातले पहिले पीक हे असे घोड्यांच्या दावणीसाठी आलेले होते.

'रेशीम मार्ग' हे नाव त्या वाटेने चालणाऱ्या कोणालाही ठाऊक नव्हते. जर्मन भूगोलतज्ज्ञ फर्डिनांड फॉन रिष्टहोफेन यांनी १८७७ मध्ये ते रूढ केले, आणि तेव्हापासून उंटांचे काफिले, रेशमाचे गठ्ठे आणि दूरदेशीचे धनाढ्य व्यापारी हेच चित्र आपल्या डोळ्यांसमोर येते. ते चित्र खोटे नाही, पण ते फार नंतरचे आहे. ही वाट राज्याच्या ताब्यात येऊन नियमित वाहती झाली ती व्यापाऱ्यांमुळे नव्हे, तर घोड्यांच्या गरजेपोटी, लढाईच्या निकडीपोटी, आणि त्या लढाईला पुरवावे लागलेल्या दाण्यागोट्याच्या व चाऱ्याच्या व्यवस्थेपोटी. जनावरे पाळणाऱ्या माणसाला हे पटवून द्यावे लागत नाही. चारा नसेल तिथे जनावर जात नाही, आणि जनावर जात नसेल तिथे मालही जात नाही.

अर्थात वस्तू त्याआधीही इकडून तिकडे जात होत्या. सायबेरियातील अल्ताय पर्वतात पाझिरिक येथे बर्फात टिकून राहिलेल्या थडग्यांमध्ये चिनी भरतकामाचे रेशीम सापडले आहे, आणि ती थडगी इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमाराची आहेत. एका टोळीने दुसरीला द्यावे, दुसरीने तिसरीला, अशा हातोहात चाललेल्या देवघेवीला वाट म्हणायचे की नाही हा प्रश्न आहे. मी म्हणणार नाही. वाट म्हणजे जिच्यावर मुक्काम ठरलेले असतात, विहिरी ठाऊक असतात आणि पुढच्या मुक्कामी आपल्याला व आपल्या जनावराला खायला मिळेल याची शाश्वती असते.

ही गोष्ट सुरू होते ती एका पराभवापासून. इ.स.पू. २०० च्या हिवाळ्यात हान घराण्याचा संस्थापक सम्राट काओत्सू आजच्या दातोंग शहराजवळ पायतंग येथे श्योंगनू या उत्तरेच्या घोडेस्वार भटक्यांच्या वेढ्यात सात दिवस अडकला. थंडी इतकी होती की त्याच्या दर दहा सैनिकांतील दोघातिघांची बोटे गळून पडल्याची नोंद आहे. सम्राट कसाबसा सुटला, पण पुढची साठ-सत्तर वर्षे हान दरबार श्योंगनूंच्या राजाला राजकन्या देत आणि रेशीम, मद्य व धान्य ठरलेल्या प्रमाणात दरवर्षी पाठवत राहिला. मैत्री आणि सोयरीक असे त्याचे नाव होते, पण व्यवहारात ती खंडणीच होती. रेशमाचे गठ्ठे मोठ्या प्रमाणावर चीनच्या सीमेबाहेर जाऊ लागले ते असे, विकण्यासाठी नव्हे तर शांतता विकत घेण्यासाठी.

चिनी शेतकऱ्याकडे माणसे होती, धान्य होते, लोखंड होते, पण चांगला घोडा नव्हता. दाट शेतीच्या मुलखात कुरणे कमी असतात आणि चांगला घोडा कुरणावरच वाढतो. आपल्याकडेही तेच होते. नागपूरजवळ माहूरझरीला महापाषाणयुगीन दफनांमध्ये माणसाबरोबर पुरलेले घोडे सापडले, त्यांच्या तोंडातल्या लोखंडी कड्या आणि डोक्यावरचे तांब्याचे अलंकार सापडले. इतक्या आदराने ज्याला पुरले त्या जनावराची या मातीत काय किंमत असेल, हे त्यावरून कळते.

सम्राट वू (राज्यकाळ इ.स.पू. १४१ ते ८७) गादीवर आला तेव्हा तो तरुण होता आणि खंडणी देत राहणे त्याला मान्य नव्हते. पकडलेल्या श्योंगनूंकडून दरबाराला एक बातमी मिळाली. युएची नावाचे एक लोक पूर्वी वायव्य चीनमधल्या दुनहुआंग आणि छिलियान पर्वताच्या टापूत राहत, श्योंगनूंनी त्यांचा पराभव करून त्यांच्या राजाच्या कवटीचे पेयपात्र केले, आणि ते लोक सूडाची आग मनात घेऊन पश्चिमेला निघून गेले. त्यांना शोधून त्यांच्याशी युती करावी, म्हणजे श्योंगनू दोन्हीकडून कोंडीत सापडतील, असा बेत ठरला. पण जाणार कोण, हा प्रश्न होता, कारण मधला सगळा मुलूख शत्रूचाच होता. चांग छिएन नावाच्या दरबारातील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने आपले नाव दिले.

इ.स.पू. १३८ च्या सुमारास तो शंभराहून अधिक माणसे घेऊन राजधानी चांगआनहून निघाला. सोबत कानफू नावाचा, जन्माने श्योंगनू असलेला एक गुलाम वाटाड्या होता. सीमा ओलांडताच ते पकडले गेले. श्योंगनूंच्या राजाने त्याला विचारले की, युएची आमच्या पलीकडे राहतात, तिथे हानांचे दूत आमच्या मुलखातून कसे जातील? मी दक्षिणेच्या युए राज्याकडे दूत पाठवतो म्हटले तर हान मला जाऊ देतील का? प्रश्न अगदी रास्त होता आणि चांग छिएनकडे त्याला उत्तर नव्हते. त्याला दहा वर्षे ठेवून घेतले, तिथलीच एक बायको करून दिली, मुलगाही झाला. या सगळ्या काळात त्याने सम्राटाने दिलेला दूतपदाचा दंड मात्र हातचा सोडला नाही. पहारा सैल झाल्यावर तो सोबत्यांसह पळाला आणि पश्चिमेकडेच पळाला, घराकडे नाही. मला या माणसाबद्दल वाटणारा आदर मुख्यतः या एका गोष्टीमुळे आहे.

दायुआन, म्हणजे मध्य आशियातले आजचे फरगाना खोरे, तिथून खांगचू हे शेजारचे राज्य, आणि तिथून युएची, असा तो पोहोचला. आणि तिथे त्याची निराशा झाली. युएची आता आमूदर्याच्या काठच्या सुपीक मुलखात स्थिरावले होते, दाश्या म्हणजे बॅक्ट्रिया, आजच्या अफगाणिस्तानाच्या उत्तरेकडचा मुलूख, त्यांच्या अंकित होता, लुटारूंचा उपद्रव कमी होता, आणि जुन्या वैरासाठी पुन्हा उठून हजारो कोस मागे जावे अशी कोणाचीही इच्छा नव्हती. जमीन चांगली लाभलेल्या माणसाला सूड आठवत नाही. वर्षभर थांबून चांग छिएन परतीला निघाला, पुन्हा श्योंगनूंच्या हाती सापडला, वर्षभराने त्यांचा राजा मरण पावून भाऊबंदकी सुरू झाली तेव्हा त्या गोंधळात निसटला, आणि इ.स.पू. १२६ मध्ये बायको व कानफू यांच्यासह घरी पोहोचला. तेरा वर्षांपूर्वी निघालेल्या शंभराहून अधिक माणसांपैकी हे दोघेच परतले. कानफू पट्टीचा तिरंदाज होता आणि वाटेत खायला काही उरले नाही की पाखरे व जनावरे मारून त्याने आपल्या धन्याला जगवले, असे सिमा चिएन सांगतो. चांग छिएनचे नाव चिनी शाळांतून शिकवले जाते, पण त्याला खाऊ घालणारा तो माणूस मला तितकाच मोठा वाटतो.

युती झाली नाही, पण बातमी आली. बॅक्ट्रियाच्या बाजारात चांग छिएनला दोन ओळखीच्या वस्तू दिसल्या होत्या, छ्योंगच्या बांबूच्या काठ्या आणि शूचे कापड, म्हणजे दोन्ही आजच्या सिचुआनकडचे. हे कुठून आले असे विचारल्यावर तिथल्या लोकांनी सांगितले की, आमचे व्यापारी शेंदूच्या बाजारातून आणतात. हा देश आग्नेयेला काही हजार ली (ली हे अंतराचे चिनी माप) दूर आहे, तिथली हवा उष्ण आणि दमट आहे, लोक हत्तीवर बसून लढतात, आणि देश एका मोठ्या नदीकाठी आहे. शेंदू म्हणजे सिंधू, म्हणजे आपला देश. चिनी दप्तरात भारताची ही पहिली नोंद, आणि ती कोणा राजाच्या किंवा ऋषीच्या नावाने झाली नाही, बाजारात विकायला ठेवलेल्या काठ्यांच्या निमित्ताने झाली. सम्राटाने लगेच सिचुआनकडून शेंदूला पोहोचण्यासाठी माणसे पाठवली, पण युन्नानच्या डोंगरी टोळ्यांनी त्यांना पुढे जाऊ दिले नाही.

इथे थोडे थांबून माझ्या तालुक्याविषयी सांगितले पाहिजे. युएची पश्चिमेला सरकले तेव्हा त्यांनी वाटेतल्या शकांना हुसकावले, शक दक्षिणेकडे वळले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या भारतात येऊन क्षत्रप म्हणून राज्य करू लागल्या. माळवा, गुजरात, काही काळ नाशिकचा टापू, हे त्यांचे क्षेत्र आपण शाळेत शिकतो. पण वैनगंगेच्या काठी आमच्या पवनीलाही महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचे नाव कोरलेला शिलास्तंभ मिळाला आहे. पवनीचे स्तूप पाहायला येणारे लोक जगन्नाथ टेकडीवर जाऊन परततात आणि त्या नावाची दखल फार थोडे घेतात. चीनच्या उत्तर सीमेवरच्या गवताळ रानात एका टोळीने दुसरीला मारले, आणि त्या धक्क्याची लाट दोन-तीनशे वर्षांत, कित्येक पिढ्यांच्या पावलांनी वैनगंगेपर्यंत पोहोचली. पंचांगात आपण दरवर्षी 'शके' लिहितो, त्या शब्दामागेही हेच लोक उभे आहेत.

चांग छिएन परतल्यानंतर सम्राटाने युद्ध थांबवले नाही, वाढवले. इ.स.पू. १२१ मध्ये हुओ छूपिंग नावाच्या विशीतल्या सेनापतीने श्योंगनूंकडून हेशीची पट्टी जिंकून घेतली. ही पट्टी म्हणजे दक्षिणेला छिलियान पर्वत, उत्तरेला वाळवंट, आणि मध्ये सुमारे हजार किलोमीटर लांब चिंचोळी जमीन. पाऊस जवळजवळ नाही, पण पर्वतावरचे बर्फ वितळून ओढे खाली येतात आणि जिथे ओढा येतो तिथे हिरवळ असते. त्या हिरवळीच्या ठिकाणांवरच हान राज्याने चार जिल्हे वसवले, वूवेई, चांगये, ज्योछ्युआन आणि दुनहुआंग. नकाशावर ती नावे मण्यांसारखी एका ओळीत दिसतात, कारण पाणी तिथेच होते. आमच्याकडे मालगुजारी तलावांच्या पाळीखाली जशी गावे बसली, तशीच ती बसली, फक्त इथे पावसाचे पाणी अडवलेले आणि तिथे बर्फाचे.

दोन वर्षांनी, इ.स.पू. ११९ मध्ये, वेई छिंग आणि हुओ छूपिंग यांच्या दोन फौजा गोबी ओलांडून श्योंगनूंच्या मुलखात खोल शिरल्या आणि जिंकल्या. त्या विजयाचा जो हिशेब लिहिला गेला आहे, तो मी पुष्कळदा वाचला आहे. सीमेवर मोजले तेव्हा सरकारी आणि खाजगी मिळून १,४०,००० घोडे बाहेर पडले होते, आणि परत आले ते ३०,००० सुद्धा नव्हते. शत्रू दूर पळाला, पण घोडेच उरले नाहीत म्हणून हान सैन्याला पुढे बराच काळ मोठी चढाई करता आली नाही. म्हणूनच पश्चिमेकडे घोड्यांचा शोध सुरू झाला. चांग छिएन दुसऱ्यांदा निघाला, या वेळी पश्चिमेकडच्या वुसुन या भटक्या लोकांकडे, तीनशे माणसे, प्रत्येकी दोन घोडे, हजारो गुरे-मेंढ्या आणि पुष्कळ सोने-रेशीम घेऊन. इ.स.पू. ११५ मध्ये तो परतला आणि थोड्याच काळात वारला, पण त्याने ठिकठिकाणी पाठवलेले साहाय्यक त्या त्या देशांचे दूत घेऊन येत राहिले. अधिकृत येणेजाणे इथून सुरू झाले.

फरगानाचे घोडे रक्ताचा घाम गाळतात अशी त्यांची कीर्ती होती आणि दरबारात त्यांना स्वर्गीय घोडे म्हणत. सम्राटाने ते मागितले, तिथल्या राजाने नाकारले, दूत मारला गेला, आणि इ.स.पू. १०४ मध्ये लि क्वांगली या सेनापतीला पाठवण्यात आले. पहिली स्वारी उपाशीपोटी फसली. वाटेतल्या लहान राज्यांनी दरवाजे बंद करून धान्य दिले नाही, आणि दुनहुआंगला परत आले ते दहातले एक-दोन. सम्राट इतका चिडला की त्याने यूमेन, म्हणजे पश्चिम सीमेवरचा जेड दरवाजा, बंद करून आत पाऊल टाकणाऱ्याचे डोके उडवण्याचा हुकूम दिला.

दुसऱ्या स्वारीची तयारी वाचताना माझ्यासारख्या बैलजोडी राखणाऱ्याचा जीव दडपतो. हमाल आणि सोबतचे लोक सोडून ६०,००० सैनिक, १,००,००० बैल, ३०,००० घोडे, आणि हजारोंनी गाढवे व उंट. कामाच्या एका बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो, हा माझ्या गोठ्यातला हिशेब. त्या मापाने एकट्या बैलांना रोज आठशे ते हजार टन चारा लागला असता, आणि वाट होती वाळवंटाच्या कडेची. तो चारा कोणी वाहून नेणे शक्यच नव्हते. मिळेल तिथे चरत, उपाशी राहत, मारून खाल्ले जात, असेच ते बैल संपले असणार. सोबत पाणी वळवणारे कारागीर नेले होते, कारण फरगानाच्या राजधानीत विहिरी नव्हत्या, बाहेरच्या वाहत्या पाण्यावर शहर जगत होते. ते पाणी वळवले, चाळीस दिवसांहून अधिक वेढा दिला, तेव्हा तिथल्या सरदारांनी स्वतःच्याच राजाला मारून तह केला. हानांना मिळाले ते काही डझन उत्तम आणि तीन हजारांवर मध्यम प्रतीचे घोडे. इ.स.पू. १०१ मध्ये जेड दरवाजातून आत आली ती दहा हजारांवर माणसे आणि हजारावर घोडे. आणि सिमा चिएन स्पष्ट लिहितो की, या वेळी अन्नाची कमतरता नव्हती, लढाईतही फार मेले नव्हते. अधिकारी लोभी होते, त्यांनी शिपायांची पर्वा केली नाही, म्हणून इतकी माणसे गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकाराने आपल्याच राज्याविषयी हे लिहावे, याचे मला आजही नवल वाटते.

या सगळ्याचा भार कोणी वाहिला हे पाहिल्याशिवाय ही वाट कळणार नाही. पश्चिमेच्या व उत्तरेच्या सीमेवरील जिल्ह्यांत जमीन कसण्यासाठी आणि पहाऱ्यासाठी सहा लाख शिपाई बसवल्याची नोंद आहे. एका हाती भाला, दुसऱ्या हाती फावडे, अशी ही माणसे होती. धान्य दुरून आणणे परवडतच नव्हते. नैर्ऋत्येकडच्या डोंगरी रस्त्याच्या कामावर दहा चुंगांहून अधिक धान्य निघाले तर एक शी पोहोचे, आणि धान्याच्या या मापांत एक चुंग म्हणजे सहा शींहून जास्त. म्हणजे पोहोचलेल्या एका पोत्यामागे साठावर पोती वाटेतच खर्ची पडत. मग जिथे शिपाई तिथेच शेत, हा उपाय निघाला. मीठ आणि लोखंड यांचा धंदा सरकारने आपल्या हाती घेतला तोही या खर्चासाठीच. सांग होंगयांग हा त्यामागचा मुख्य मेंदू होता, आणि त्याच्या व्यवस्थेत एका वर्षात पन्नास लाख ताग्यांएवढे रेशीम सरकारजमा झाल्याचे लिहिलेले आहे. तो एकेक तागा कोणत्या तरी घरातल्या बाईने मागावर बसून विणलेला होता.

सीमेवरच्या शिपायाला पगार द्यायचा तर तांब्याची नाणी जड, धान्य त्याहून जड. रेशीम हलके, टिकाऊ आणि सगळीकडे चालणारे. त्यामुळे पगारही रेशमात दिला जाऊ लागला. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना १९०७ मध्ये दुनहुआंगच्या पश्चिमेकडील पहारेरेषेवर रेशमाची एक पट्टी मिळाली, तिच्यावर शाईने लिहिले आहे की, हा रनछंग राज्यातील खांगफूचा तागा, रुंदी २ छी २ छुन, लांबी ४० छी, वजन २५ ल्यांग, किंमत ६१८ नाणी. आजच्या मापात सुमारे अर्धा मीटर रुंद, नऊ मीटरांवर लांब, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. रनछंग आजच्या शांतोंगमध्ये, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे ढीवर समाजातले लोक ऐनाच्या झाडांवर कोसा, म्हणजे टसर रेशीम, वाढवतात आणि कोष्टी तो विणतात. तो मी हातात धरून पाहिला आहे. एक कोष मधाच्या रंगाचा, दुसरा राखी, सूत कुठे जाड कुठे बारीक, आणि त्याची शोभा त्यातच आहे. पण अशा कापडाचे नाणे होऊ शकत नाही. तुतीवरच्या किड्याचे पांढरे, एकसारखे सूत आणि ठरलेले माप, म्हणूनच चिनी तागा नाण्यासारखा चालला. शिपायाने तो दिला, बदल्यात घोडा, मेंढी किंवा लोकर घेतली, आणि असे ते रेशीम वाळवंटापलीकडे निघाले. व्यापारी या मागून आले, आणि आले ते सरकारने बांधलेल्या मुक्कामांवर, शिपायांनी कसलेल्या शेतांच्या आधाराने.

इ.स.पू. ८९ मध्ये सांग होंगयांगने आणखी पश्चिमेला लुनताय येथे शेतीच्या वसाहती वाढवण्याचा प्रस्ताव मांडला. वृद्ध सम्राट वूने तो नाकारला. त्या फर्मानात तो म्हणतो की, आता आणखी दूर शेती करणे म्हणजे लोकांना पुन्हा त्रासात लोटणे आहे. चाळीसहून अधिक वर्षे हट्टाने लढलेला माणूस हे म्हणतो. तो मेल्यावर वसाहती पुन्हा वाढल्या, आणि इ.स.पू. ६० मध्ये चंग ची हा पश्चिम प्रदेशांचा पहिला संरक्षक अधिकारी नेमला गेला, तेव्हा दुनहुआंगच्या पश्चिमेकडील वाळवंटी तारीम खोऱ्याच्या दोन्ही कडांवरील वाटा हानांच्या देखरेखीखाली आल्या.

त्या काळातला एक मुक्काम उत्खननात मिळाला आहे. दुनहुआंगच्या पूर्वेला साठेक किलोमीटरवर श्युआनछ्युआन नावाचे टपाल व विश्रामाचे ठाणे होते. १९९० ते १९९२ दरम्यान तिथे खोदकाम झाले आणि लिहिलेल्या लाकडी पट्ट्या वीस हजारांहून अधिक निघाल्या. २०१४ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. त्या पट्ट्यांवर काव्य नाही. किती पाहुणे आले, कोणाला किती धान्य दिले, कोणता घोडा आजारी पडला, पाहुण्यांसाठी किती कोंबड्या आल्या आणि किती गेल्या, याचे हिशेब आहेत. एका पट्टीवर तारीम खोऱ्यातल्या खोतानच्या राजासह १,०७४ माणसे येत असल्याची सूचना आहे. त्या दिवशी ठाण्यातल्या स्वयंपाक्यांची काय अवस्था झाली असेल, ते मला आमच्याकडच्या लग्नाच्या पंगतींवरून थोडेफार कळते.

याच पट्ट्यांमध्ये इ.स.पू. ३९ मधली एक तक्रार आहे आणि सगळ्या वाचनात ती मला सर्वांत जवळची वाटली. खांगचू राज्याचे दूत दरबारासाठी उंट घेऊन आले. रीत अशी होती की, दुनहुआंगपासून पुढे त्यांना अन्न मिळावे आणि ज्योछ्युआनला त्यांच्या समोर उंटांची पारख व्हावी. या वेळी वाटेत त्यांना अन्न मिळाले नाही, स्वतःच्या खर्चाने खावे लागले. ज्योछ्युआनच्या अधिकाऱ्यांनी त्यांना बाजूला ठेवून, त्यांच्या अपरोक्ष उंट पाहिले आणि पांढऱ्या उंटांना पिवळे, धष्टपुष्टांना रोडके असे लिहून टाकले. दूतांनी तक्रार केली, राजधानीपर्यंत गेली, आणि चौकशीचा हुकूम खाली दुनहुआंगला आला.

तीन वर्षांपूर्वी मी एका धान खरेदी केंद्रावर ट्रॉली लावून उभा होतो. रात्रभर रांगेत होतो, सकाळी चहाला म्हणून दहा मिनिटे बाजूला गेलो, आणि परत आलो तोवर माझ्या धानाचा ओलावा मोजून झाला होता. १७ टक्क्यांची मर्यादा असते, माझ्या चिठ्ठीवर १९ लिहिले होते. आठ दिवस अंगणात पसरून, दाताखाली दाणा कडक मोडेपर्यंत वाळवलेले ते धान होते. माझ्या समोर पुन्हा मोजा, एवढेच मी म्हणत होतो.

खांगचूच्या त्या दूतांचेही म्हणणे एवढेच होते. ते व्यापारी होते की राजदूत, यावर अभ्यासक चर्चा करतात, आणि बहुधा ते दोन्ही होते. पण पट्टीवर त्यांचे शब्द जसे उतरवून घेतले आहेत, त्यात रेशीम नाही, सोने नाही, राजांच्या मैत्रीची भाषा नाही. इतक्या लांबून जपत आणलेला उंट पांढरा होता आणि लिहिला पिवळा, हे ते दोन हजार वर्षांपासून सांगत आहेत.